मोत्यांची शेती : तंत्र अवगत, उद्योग अपूर्ण

तामिळनाडूतील तुतिकोरिनजवळ वेप्पलोडई येथे जुलै १९७३ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. के. अलगारस्वामी यांना गोल संवर्धित मोती मिळविण्यात यश आले. याच किनाऱ्यावर, मन्नारच्या आखातात, पाणबुडे शतकानुशतके नैसर्गिक मोती काढत आले होते. तेथील शेवटचा मोठा हंगाम १९६१ मध्ये झाला. प्रयोगशाळेतील यशाला आता अर्धशतक उलटले आहे. तरीही सागरी मोत्यांचा मोठा उद्योग भारतात उभा राहू शकलेला नाही.

स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही कल्पना भारतीय साहित्यात रूढ आहे. वाळूच्या कणापासून मोती बनतो, ही समजूतही तितकीच प्रचलित. पण तीही फारशी खरी नाही. शिंपल्याला आतून अस्तरासारखा मऊ पडदा असतो. त्यातील पेशी शरीरात भलत्या ठिकाणी शिरल्या तर त्यांची पिशवी तयार होते आणि तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म थर साचत जातात. संवर्धनात हेच हेतुपुरस्सर घडविले जाते. एका शिंपल्याच्या पडद्याचा बारीक तुकडा आणि शंखद्रव्याचा गोल मणी दुसऱ्या शिंपल्याच्या जननग्रंथीत बसवतात. पुढचे काम शिंपलाच करतो. त्यामुळे संवर्धित मोत्याला खोटा मोती म्हणणे योग्य नाही.

जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये अर्धगोल मोती मिळविले. पूर्ण गोल मोत्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी तोकिची निशिकावा आणि तात्सुहेई मिसे यांच्या प्रयत्नांतून आकाराला आले. हे मोती जगभर पोहोचताच इराणच्या आखातातील मोत्यांचा व्यापार कोसळला. त्या मालाची मोठी पेठ असलेल्या मुंबईलाही त्याची झळ बसली.

भारताची अडचण शस्त्रक्रियेत नव्हती. कालवांचे बीज प्रयोगशाळेत तयार करण्याचे तंत्रही १९८१ पर्यंत साध्य झाले होते. खरा प्रश्न समुद्राचा आहे. जपानमधील आगो उपसागरासारखी निवाऱ्याची, शांत पाण्याची स्थळे भारतीय किनाऱ्यावर थोडी आहेत. पावसाळी लाटांत तराफे टिकत नाहीत, कवचांवर इतर जीव वाढतात आणि काही जीव तर कवचच पोखरतात. येथील कालव आकाराने लहान असल्याने मोठा मणी त्याला पेलवत नाही. उबदार पाण्यात थर लवकर चढतात, हा लाभ खरा. परंतु थंड पाण्यात सावकाश चढलेल्या थरांची झळाळी अधिक. निवाऱ्याची जागाही अभय देतेच असे नाही : १९९० च्या दशकात जपानमध्येच कालवे मोठ्या प्रमाणावर मृत्युमुखी पडली.

म्हणून लक्ष गोड्या पाण्याकडे वळले. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९८७ मध्ये हे काम हाती घेतले. तळ्यातील शिंपले पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पतींवर जगतात. त्यांना नायलॉनच्या जाळीत टांगून वर्ष-दीड वर्ष वाढवितात. देवदेवतांच्या आकृतींचे साचे कवचाखाली ठेवून घेतलेले आकृतिमोती शेतकऱ्यांना तुलनेने सोपे जातात.

येथे मात्र वेगळा पेच आहे. शस्त्रक्रियेसाठीचे शिंपले बहुधा नद्या-तलावांतूनच गोळा केले जातात. या शिंपल्यांच्या अळ्यांना काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहावे लागते. मासे नसतील तर पुढची पिढी नाही. तेव्हा केवळ उपसा वाढला आणि पैदास झाली नाही, तर शेतीच आपले बियाणे संपवील. प्रजननाचे तंत्र संस्थांनी विकसित केले आहे, पण ते गावपातळीवरच्या तळ्यापर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही.

बाजाराचे गणितही सरळ नाही. चीनमधून येणाऱ्या गोड्या पाण्यातील स्वस्त मोत्यांशी स्पर्धा आहे. शस्त्रक्रियेनंतर काही शिंपले मरतात, काही मणी बाहेर टाकतात. उरलेल्यांपैकी चांगल्या प्रतीचे मोती थोडेच निघतात. अल्प मुदतीचे प्रशिक्षण देऊन सगळा माल परत विकत घेण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींत हा हिशेब सहसा नसतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मोती संवर्धनाला स्थान मिळाले असून २०२४ मध्ये झारखंडमधील हजारीबाग हा मोती उत्पादन व प्रक्रिया समूह म्हणून घोषित झाला. प्रतवारी आणि विक्रीची व्यवस्था एकाच ठिकाणी उभी राहावी, हा त्यामागील हेतू आहे.