ईबीसीचा फॉर्म आणि खडकवासल्याची वाट

आपल्या वेळी कॉलेजचे पैसे कुठून यायचे, यावर लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह आहे. आपली १९६६ ची अकरावीची बॅच. मिरचीच्या पथारीवर राबणाऱ्यांची, कोरडवाहू शेती कसणाऱ्यांची पोरे वर्गात निम्म्याहून जास्त. धुळ्याला शिकायचे म्हणजे फी, खोली आणि खानावळ असा तिहेरी खर्च.

त्यातला फीचा भाग ईबीसीने उचलला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ मध्ये ही सवलत सुरू झाली. वडिलांचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असले की फी माफ. जात नव्हे, उत्पन्न पाहिले जाई. माझे कॉलेज त्यावरच झाले. खानावळ मात्र ज्याची त्याने पाहायची.

दुसरी वाट फौजेची. १९६१ च्या जूनमध्ये साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा निघाली. उत्पन्न पाहून शिष्यवृत्ती मिळे; पण तिथे लहान वयातच जावे लागे, आणि दोंडाईच्यात ही माहिती पोचेपर्यंत आपले वय निघून गेले होते. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री झाले, १९६३ पासून कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. १९६८ मध्ये सक्ती उठली, तोवर आम्ही दोन वर्षे बूट आपटले. परेडनंतरच्या नाश्त्यासाठी कोणी गैरहजर राहत नसे, हेही इतिहासात नोंदवायला हवे.

खरे मोफत शिक्षण खडकवासल्याला होते. एनडीए १९५५ पासून तिथे रीतसर सुरू झालेली. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके, सगळा खर्च सरकारचा. घरून फक्त हातखर्च, आणि गरिबाला त्यातही मदत. तेव्हा अकरावीवर प्रवेश मिळे. अडचण इंग्रजीची. पेपर इंग्रजीत, पुढची मुलाखतही इंग्रजीत. आपल्या वर्गातल्या एकाला सरांनी वर्षभर संध्याकाळी घरी बसवून शिकवले, एक पैसा न घेता. (नाव लिहू नको, अशी त्याची ताकीद आहे. तुम्ही ओळखालच.)

तो निवडला गेला तेव्हा त्याच्या आईने दोन दिवस चूल पेटवली नाही. "फुकट शिकवतात म्हणजे पोरगं इकत घेतात," असे ती माझ्या आईला म्हणाली. तिचे अगदीच चूक नव्हते. ईबीसीच्या बदल्यात सरकारने माझ्याकडून दरवर्षी पास होण्यापलीकडे काही मागितले नाही. त्याच्याकडून मागितले. १९७० ला तो अधिकारी झाला आणि पुढच्याच डिसेंबरात पश्चिम सीमेवर होता. त्या तेरा-चौदा दिवसांत ती माउली रेडिओ असलेल्या दुकानासमोरून हलत नसे. तो परतला. धाकट्या दोघा भावांची कॉलेजे त्याच्या पगारावर झाली.

नंतर वाट रुंद झाली. १९७७ मध्ये राज्य सरकारने औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. मराठी मुलांना एनडीएची तयारी तिथे करता येऊ लागली. आमच्या वेळी ते काम एका सरांच्या ओसरीवर होई. २०२२ मध्ये एनडीएत मुली आल्या, मे २०२५ मध्ये त्यांच्यातल्या पहिल्या १७ जणी बाहेर पडल्या. ती बातमी मी आपल्या मित्राला फोनवर वाचून दाखवली. त्याची नात आता नववीत आहे. तिने फॉर्मची चौकशी केली म्हणाला, आणि तिच्या आजीने अजून होकार दिलेला नाही.