दुर्बीण डाव्या बाजूला का बसवली?

सैन्याने नवीन स्नायपर रायफली घेतल्याची बातमी आली की माझ्या टाइमलाइनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "स्कोप किती एक्सचा आहे?" मागे एका मित्राने दोन स्कोपचे फोटो पाठवले. एक चोवीस पट मोठं दाखवणारा, ऑनलाइन मिळणारा, स्वस्त. दुसरा दहा पट दाखवणारा आणि किंमत ऐकून घाम फुटावा असा. खाली लिहिलं होतं, "अरे, निम्म्याहून कमी मोठं दाखवणाऱ्याला एवढे पैसे? सरकारला कोणीतरी चुना लावतंय."

त्याला फोनवर उत्तर दिलं, पण ते अर्धवट राहिलं. म्हणून ही मोठी पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी थोडं गणित. स्कोपच्या पुढच्या भिंगाच्या व्यासाला 'एक्स'ने भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. आपली ड्रागुनोव्ह रायफल घ्या. तिच्यावरचा रशियन पीएसओ-1 स्कोप चार पटींचा, पुढचं भिंग 24 मिलिमीटरचं. म्हणजे झोत 6 मिलिमीटरचा. अंधारात माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते, त्यामुळे तिन्हीसांजेलाही बरं दिसतं. आता मित्राचा चोवीसपटी स्कोप, भिंग समजा 40 मिलिमीटरचं. झोत भरतो 1.7 मिलिमीटर. भर दुपारी ठीक आहे, दिवस कलला की मोठं दिसतं पण काळं दिसतं. शिवाय जितके एक्स जास्त तितका दिसणारा तुकडा लहान. डोंगरउतारावर माणूस शोधायचा असेल तर चोवीसपटीतून नुसते दगड मोजत बसाल.

दुसरी गोष्ट त्या वरच्या आणि बाजूच्या चकत्यांची. लांबच्या नेमबाजीत गोळी किती खाली येणार, वारा तिला किती ढकलणार, तेवढे क्लिक फिरवून नेम सरकवायचा असतो. त्यात एक मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फरक पडला तर 800 मीटरवर गोळी सुमारे 23 सेंटिमीटर सरकते. वीस क्लिक वर आणि वीस क्लिक परत खाली केल्यावर नेम होता तिथेच आला पाहिजे. शेकडो गोळ्यांचे धक्के खाऊन, थंडीत गारठून, उन्हात तापून तो तसाच आला पाहिजे. महागड्या स्कोपमध्ये आपण बरेचसे पैसे या भरवशाचे मोजतो, आणि फोटोत तो दिसत नाही.

(आपल्या कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं, त्या स्पर्धेत दुर्बीण लावायला परवानगीच नसते. बारीक भोकाची साइट आणि स्वतःचा डोळा, बस्स.)

आता मुख्य गोष्ट. यातलं कशालाच न विचारता, मिळेल ते, मिळेल तिथून घेतलं की काय होतं, हे पाहायला मी नेहमी 1914 च्या इंग्लंडकडे जातो. तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य, पण त्याच्याकडे धड काच नव्हती.

दुर्बिणीची काच म्हणजे खिडकीची काच नव्हे. ती मातीच्या मुशीत वितळवायची, सतत ढवळायची, मग दिवसच्या दिवस हळूहळू निवू द्यायची. त्यानंतर ती फोडायची आणि बुडबुडा नाही, रेष नाही असे तुकडे निवडायचे. बाकीचं टाकून द्यायचं. शिवाय एकाच जातीची काच चालत नाही. क्राउन आणि फ्लिंट अशा वेगवेगळ्या काचांची जोडी जमली तरच कडेचे रंगीत पट्टे जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्लंडही यात पुढे आलं. फ्रान्समधली 1848 ची क्रांती झाली, तिकडचा निष्णात काचकारागीर जॉर्ज बोंताँ बर्मिंगहॅमच्या चान्स ब्रदर्सकडे आला आणि त्यांचं नाव झालं. पण 1884 मध्ये जर्मनीतल्या येना गावात ओटो शॉट, अर्न्स्ट आबे आणि झाइस यांनी मिळून कारखाना काढला. शास्त्रज्ञ, कारखानदार आणि वर प्रशियाच्या सरकारची मदत. बेरियमच्या, बोरॉनच्या नव्या काचा निघाल्या. चांगल्या, शिवाय किमतीलाही परवडणाऱ्या.

इंग्रज दुर्बीणवाल्यांनी काय केलं? जे कोणीही शहाणा माणूस करेल तेच. येनाहून काच मागवली. युद्धाच्या तोंडावर ब्रिटनला लागणाऱ्या अशा काचेपैकी साधारण 60 टक्के जर्मनीतून यायची, 30 टक्के फ्रान्समधून, आणि घरची, म्हणजे चान्सची, जेमतेम 10 टक्के. शांततेच्या काळात या हिशोबात चूक काढता येत नाही. ऑगस्ट 1914 मध्ये मात्र 60 टक्के पुरवठा करणारा दुकानदारच शत्रू झाला.

मग धावपळ. साध्या फील्ड ग्लासेससाठीसुद्धा वृद्ध लॉर्ड रॉबर्ट्स आणि त्यांच्या घरच्यांना जनतेपुढे हात पसरावे लागले: शर्यतींना, शिकारीला वापरता त्या दुर्बिणी सैन्याला उसन्या द्या, शक्य झालं तर परत करू. हेच रॉबर्ट्स त्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये आपल्या हिंदी पलटणींना भेटायला गेले, न्यूमोनियाने आजारी पडले आणि 14 तारखेला तिथेच, सेंट ओमेरला वारले.

खंदकांत तोवर जर्मन नेमबाजांनी उच्छाद मांडला होता. डोकं वर आलं की गेलं. जर्मनीत शिकारीची परंपरा मोठी, दुर्बीण लावलेल्या रायफली जमीनदारांच्या घरोघर. त्या गोळा करून आघाडीवर पाठवल्या. तिकडेही सगळं आलबेल नव्हतं. यातल्या बऱ्याच रायफली जुन्या काडतुसाच्या होत्या, नवं टोकदार काडतूस त्यांत चालत नसे. म्हणून दस्त्यावर तशी सूचना देणारी पट्टी ठोकावी लागली. पण काच होती, कारागीर होते, आणि पुढे सैन्याच्या मापाच्या रायफलीही आल्या.

इंग्रजांनी काय लावलं? सुरुवातीला गॅलिलिओच्या धर्तीचे जुगाड: नळीच्या टोकाशी एक भिंग, डोळ्यापाशी दुसरं, मध्ये नळकांडंच नाही. स्वस्त आणि पटकन होणारं. दोन-अडीच पट मोठं दिसे, पण दिसणारा तुकडा एवढासा की त्यात शत्रू सापडणं मुश्किल. मग पेरिस्कोपिक प्रिझम कंपनी आणि बर्मिंगहॅमचे ऑल्डिस ब्रदर्स यांच्या खऱ्या दुर्बिणी आल्या, अमेरिकेहून विंचेस्टरच्या आल्या. एकाच सैन्यात इतके प्रकार, प्रत्येकाची बैठक वेगळी, दुरुस्ती वेगळी.

आणि सगळ्यात मोठी गंमत. बहुतेक दुर्बिणी रायफलीच्या माथ्यावर न बसवता डाव्या बाजूला बसवल्या! कारण कागदावर पक्कं होतं. ली-एनफिल्ड रायफलीत पाच काडतुसांची पट्टी वरून दाबून भरतात. वर दुर्बीण आली तर भरणार कशी? नियमानुसार भरता आली पाहिजे म्हणून दुर्बीण बाजूला. स्नायपर दिवसाकाठी गोळ्या किती झाडतो, त्याला घाईने पट्टी भरायची वेळ कितीदा येते, हे बहुधा कोणी विचारलं नसावं. परिणाम असा की उजव्या डोळ्याने पाहायचं तर मान डावीकडे न्यायची, गाल दस्त्यावरून सुटणार. खंदकात तर पोलादी पत्र्याला ठेवलेल्या जंगीतून गोळी झाडायची. आपल्या किल्ल्यांच्या तटाला जंग्या असतात तशीच, पण याहून अरुंद. त्या फटीत रायफलीची नळी आली की बाजूच्या दुर्बिणीपुढे पत्रा. दुर्बीण मधोमध आणली की नळी पत्र्यावर.

(बाजूची दुर्बीण तशी जुनीच. अमेरिकन यादवीत दक्षिणेकडच्या काही नेमबाजांच्या व्हिटवर्थ रायफलींवर डाव्या अंगाला डेव्हिडसनची दुर्बीण असे. हा कर्नल डेव्हिडसन मुंबई इलाख्याच्या फौजेतला. पण ती रायफल तोंडाकडून भरायची, तिथली गरज निराळी.)

हे सगळं जाहीरपणे मांडणारा माणूस म्हणजे हेस्केथ-प्रिचर्ड. शिकारी, लेखक, हॅम्पशायरकडून खेळलेला क्रिकेटपटू. 1915 मध्ये फ्रान्सला आला तो युद्धवार्ताहरांना फिरवणारा अधिकारी म्हणून, येताना दुर्बिणीच्या रायफली बरोबर घेऊन. पलटणीपलटणींतून फिरून तो स्कोप तपासू लागला. बहुतेकांचा नेम चुकलेला. बैठक ढिली, चकत्या कोणीतरी उगाच फिरवलेल्या. वापरणाऱ्याला त्या कशासाठी असतात हेच माहीत नाही. वस्तू दिली होती, शिकवलं कोणी नव्हतं. 1916 मध्ये लिंगेमला त्याने फर्स्ट आर्मीची स्नायपिंगची शाळा सुरू केली. एरवी मिरवायचे ते इंग्रज लोक, पण या माणसाने 'सैनिक शूर आहेत, बाकी ठीक' असं म्हणून विषय मिटवला नाही, हे मला भावतं.

काचेचा प्रश्न तोवर लाजिरवाण्या थराला गेला होता. 1915 च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या युद्धसामग्री खात्याने स्वित्झर्लंडमार्गे चक्क जर्मनीकडे दुर्बिणींची चौकशी केली. जर्मनीने नाही म्हटलं नाही. हजारो द्विनेत्री दुर्बिणी आणि रायफलीवर लावायच्या दुर्बिणी देऊ केल्या, बदल्यात मागितलं रबर. मलाया, सिलोनचं रबर इंग्रजांकडे, नाकेबंदीमुळे जर्मनीला त्याचा दुष्काळ. प्रत्यक्ष देवघेव किती झाली यावर अभ्यासकांत वाद आहे, पण बोलणी झाली याची नोंद खुद्द ब्रिटिश सरकारच्या इतिहासात आहे. खंदकात एकमेकांना मारणारी पोरं आणि मारायचं साधन एकमेकांकडून घ्यायची तयारी!

पुढे सरकारने पैसा ओतला, चान्सचं उत्पादन कित्येक पटींनी वाढलं, 1917 मध्ये इंपीरियल कॉलेजात प्रकाशयंत्रांचा खास विभाग निघाला. युद्धानंतर 1921 च्या कायद्याने परदेशी काचेवर आणि दुर्बिणींवर 33⅓ टक्के जकात बसवली. पुन्हा येनाच्या दारात जायचं नाही, हे ठरलं.

पण उत्तम काच हातात असली म्हणजे उत्तम दुर्बीण होतेच असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात झाइसचा देश असलेल्या जर्मनीने झेडएफ-41 नावाचा दीडपटी, चिमुकला स्कोप लाखाच्या वर काढला. कल्पना अशी की साध्या सैनिकालाही थोडी मदत व्हावी. स्नायपरांनी नाकं मुरडली. उलट रशियनांनी पीयू स्कोप काढला: साडेतीन पट, आखूड, कमीत कमी भाग, आधीच्या पीईपेक्षा दिसणारा तुकडाही लहान. पण मजबूत, कारखान्यात भराभर होणारा आणि रायफलीवर घट्ट बसणारा. 1942 पासून तीन लाखांहून जास्त मोसिन रायफलींवर तो चढला. पकडलेल्या अशा रायफली काही जर्मन नेमबाज आवडीने वापरत. स्वस्त म्हणजे वाईट असं मी म्हणत नाहीये हो. काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही हे रशियनांना ठाऊक होतं, एवढंच. आणि ते ठरवता येण्याआधी 1918 मध्येच पेट्रोग्राडला त्यांनी प्रकाशविज्ञानाची सरकारी संस्था काढली होती.

आपल्याकडे? दुर्बीण लागली तर ती बनवायला 1943 पासून देहरादूनचा कारखाना आहे. काच हवी म्हणून कोलकात्याच्या काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेत आत्माराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास ती इथेच बनवून दाखवली. रात्रीच्या दुर्बिणीचं काळीज म्हणजे अंधुक प्रकाश वाढवणारी नळी, ती आपल्या पुण्यात भोसरीला होते. म्हणजे पाया आहे. माझी कुरकुर खरेदीच्या पद्धतीबद्दल आहे. चाचणीत जे पास झाले त्यांच्यात सर्वांत कमी भाव ज्याचा, त्याला कंत्राट: आपल्या ग्रामपंचायतीच्या पेव्हर ब्लॉकपासून सगळीकडे चालतो तो एल-वन. नियम वाईट नाही, पण सगळा भार 'पास' या शब्दावर येतो. चकत्या हजारदा फिरवल्यावर परत जागेवर येतात का, बैठक काढून पुन्हा लावली तर नेम राहतो का, चाळीस वर्षांनी भिंग कोण बदलून देणार, हे पास होण्याच्या अटींत नसेल, तर मित्राचा चोवीसपटी स्कोपच जिंकणार. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तू महागाचा वकील!" असो.

इंग्रजांच्या त्या दुर्बिणींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. डावीकडची चूक त्यांना कळली होती. पॅटर्न 1914 रायफलीच्या माथ्यावर, मधोमध बसणारी, जर्मन वळणाची नवी दुर्बीण त्यांनी मंजूर केली. ती आली 1918 मध्ये, तोवर युद्ध संपतच आलं होतं. मग जुन्या दुर्बिणी रायफलींवरून उतरवल्या आणि भंगाराच्या हिशोबाने विकून टाकल्या. शिकाऱ्यांनी घेतल्या, बंदूकवाल्यांच्या फडताळांत पडल्या. 1940 मध्ये डंकर्कनंतर पुन्हा टंचाई. तेव्हा सैन्याने त्याच ऑल्डिस दुर्बिणी बाजारातून परत विकत घेतल्या आणि ग्लासगोच्या अलेक्झांडर मार्टिन या बंदूकवाल्याकडून 421 रायफलींवर बसवून घेतल्या.

डाव्या बाजूला.