रखमाबाईंचा नकार

इ. स. १८८४ सालीं दादाजी भिकाजी यांनीं मुंबईच्या हायकोर्टांत फिर्याद केली कीं, पत्नी रखमाबाई हिनें नांदावयास यावें. विवाहसमयीं रखमाबाई ११ वर्षांच्या होत्या. पुढें त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरींच वाढल्या.

१८८५ त न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दावा फेटाळला. अपिलांत तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला: महिन्याभरांत नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली! कांहीं जातींत काडीमोडीची रूढि होती खरी. परंतु सर्व हिंदु स्त्रियांस घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा तेव्हां नव्हता. अखेर १८८८ त दादाजींनीं २००० रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई विलायतेस गेल्या व १८९४ त डॉक्टर झाल्या.

तुरुंगाची तरतूद १९२३ त गेली. मुंबई प्रांतांत हिंदु घटस्फोटाचा कायदा १९४७ त झाला, आणि देशाचा हिंदु विवाह कायदा १९५५ त. त्याच वर्षीं रखमाबाई निवर्तल्या. त्या कायद्याच्या नवव्या कलमाखालीं नांदविण्याचा दावा आजही लावतां येतो. मात्र हुकुमानंतर वर्षभर उभयतां एकत्र न नांदल्यास दोघांपैकीं कोणासही घटस्फोट मागतां येतो. ज्या नकारास एके काळीं तुरुंग होता, त्यास आज सुटकेची वाट आहे.