दीन आणि धन्य

आषाढी वारीस निघालेली तुकोबांची पालखी पुणें सोडल्यावर लोणी काळभोर येथें मुक्काम करते, पुढला मुक्काम यवतास करते आणि मग केडगांवच्या चौफुल्यावरून वरवंडाकडे जाते. रेल्वेही लोणी, उरुळी, यवत, केडगांव अशी त्याच दिशेनें धांवते. ‘धन्य कोण?’ ह्या प्रश्नास ख्रिस्ती धर्मानें दिलेलें उत्तर मराठी भूमींत ज्या ठिकाणीं प्रत्यक्ष आचरिलें गेलें, तें ठिकाण ह्याच वाटेवर आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत येशू डोंगरावर बसून ज्यांस धन्य म्हणतो, ते विजयी किंवा विद्वान नव्हेत. ते दीन, शोकाकुल, सौम्य आहेत. मूळ ग्रीकांतील दीनवाचक शब्द बेताच्या स्थितीच्या गृहस्थास लागत नाहीं. तो भिक्षेस हात पसरणाऱ्या निष्कांचनाचा आहे. लूकाच्या शुभवर्तमानांत तर ‘आत्म्यानें’ हें विशेषणही नाहीं, नुसते दीन आहेत. तुकोबांच्या वाचकांस हें परकें वाटूं नये. रेव्हरंड ना. वा. टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलों असें सांगत.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी होती. 1878 सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. 1883 सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. 1889 सालीं मुंबईस काढलेलें शारदासदन पुढल्या वर्षीं पुण्यास आलें. तेथील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात म्हणून 1893 सालीं वादळ उठलें. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. पालकांचा राग आम्हांस अगदींच अन्याय्य वाटत नाहीं, कारण विश्वासावरच सदन उभें होतें. परंतु त्या दिवसापासून पुण्यानें बाईंकडे पाहण्याचेंच सोडलें, ही हानि पुण्याची झाली.

पुढें 1896-97 चा दुष्काळ आला. बाईंचे आईबाप पूर्वीं अशाच दुष्काळांत गेले होते. भूक त्यांस ग्रंथांतून कळलेली नव्हती. त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि विधवा व अनाथ मुली घेऊन आल्या. केडगांवच्या माळावर त्यांच्यासाठीं ‘मुक्ति’ वसली. 1900 च्या सुमारास तेथें पंधराशेंवर माणसें होतीं. शेती, विणकाम, छापखाना हीं कामें त्याच करीत. आंधळ्या स्त्रियांस बोटांनीं वाचावयास शिकवीत. दीनांस धन्य म्हणणें सोपें आहे. त्यांच्यासाठीं रोजच्या भाकरीची तजवीज लावणें निराळें.

ह्यांत आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतें तें बाईंचें बायबलाचें भाषांतर. उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक ह्यांचा अभ्यास केला, आणि जिच्या संस्कृतावर पंडित लुब्ध झाले होते तिनेंच संस्कृत शब्द वेंचून वेंचून बाहेर ठेवले. खेड्यांतल्या बाईस ऐकतांच कळावें एवढाच हेतु. मराठी ओबडधोबड झाली आहे, आमच्या कानांस ती ठिकठिकाणीं खटकते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण पंडितानें टाकून देण्याजोगी दुसरी कोणती संपत्ति असते?

1921 सालीं एकुलती एक कन्या मनोरमा वारली. 5 एप्रिल 1922 रोजीं बाईही गेल्या. भाषांतर 1924 सालीं प्रसिद्ध झालें. त्याचे खिळे केडगांवच्या स्त्रियांनीं जुळविले होते.