सहा कामट्यांची काठी

प्रभू येशूने पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकावयास सांगितल्याचे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात आपण वाचतो. शुभवर्तमानांत जाळ्यांचे उल्लेख अनेक, गळाचा हा एकच. या गळाच्या काठीलाही इतिहास आहे.

पाश्चात्त्य देशांत नदीतील ट्राउट मासा धरण्यासाठी पिसे व रेशीम गुंडाळलेली खोटी माशी गळाला बांधतात. तिला वजन नसते. म्हणून वजनदार दोर हवेत झुलवून ती पाण्यावर अलगद उतरवावी लागते. त्यासाठी काठी हलकी, लवचीक, पण चिवट हवी. १८४०च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ईस्टन येथील बंदूक-कारागीर सॅम्युअल फिलिप याने बांबू चिरून, त्याच्या कामट्या सरसाने जोडून अशा काठ्या घडविल्या. पुढे मेन राज्यातील हायरम लेनर्ड याने यंत्राने तासलेल्या सहा त्रिकोणी कामट्यांची षट्कोनी काठी रूढ केली.

आरंभी हा बांबू हिंदुस्थानातून जाई. त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. त्याची जागा पुढे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील ‘टाँकिन’ बांबूने घेतली. १९३१ साली वनस्पतिशास्त्रज्ञ मॅक्ल्यूर यांनी त्याला ‘अमाबिलिस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘प्रेम करण्याजोगा’, असे नाव दिले. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, बांबू दुर्मीळ झाला. त्याच सुमारास फायबरग्लासच्या स्वस्त काठ्या आल्या आणि बांबूच्या काठ्या माळ्यावर गेल्या.

आज हौशी लोक त्या शोधून विकत घेतात. जाणकार प्रथम काठीचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवून मापतो; शेंडा आखूड असेल तर तो कधीतरी मोडला आहे, हे ओळखावे. मग काठी डोळ्यासमोर धरून बाक पाहतो, जर्मन सिल्व्हरचे सांधे घट्ट बसतात का ते तपासतो. ओलीने जुना सरस सुटून कामट्या विलग झाल्या असतील, तर काम अवघड.

दुरुस्तीचा पहिला नियम संयमाचा आहे. बांबूचे बळ सालीलगतच्या तंतूंत असते. जुने व्हार्निश काढताना पॉलिशपेपर जोराने घासला की तेच बळ झडते. बाक मंद उष्णतेने सरळ करावा, जीर्ण रेशीम मूळ रंगाशी जुळणाऱ्या धाग्याने पुन्हा गुंडाळावे, बुचाची मूठ शक्यतो तीच ठेवावी. मुठीजवळ शाईने लिहिलेले कारागिराचे नाव पुसू नये.

ते नाव मात्र एकाचेच असते. बांबू तोडणारा, नदीच्या वाळूने घासून उन्हात वाळविणारा चिनी मजूर काठीवर कोठेच नाही. आमच्या मते तिचे खरे जतन त्याचेही स्मरण ठेवण्यात आहे. आपल्या जुन्या देवळांतील वेदी व मूर्तींना नवा रंग देण्याची घाई होते, तेव्हाही आपण हाच विचार करावा. ज्यांची नावे आपणास ठाऊक नाहीत, त्यांचेच हात तेथे अधिक राबले आहेत. त्यांचे काम झाकून टाकण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?