भुशाच्या चुलीचीं चाळीस वर्षें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, वायव्येकडे पॅसिफिक महासागराच्या कांठीं, ओरेगन नांवाचें संस्थान आहे. डग्लस फर जातीच्या उंच व सरळ वृक्षांचीं अरण्यें हें त्याचें वैभव, आणि तें लाकूड कापून फळ्या करणाऱ्या गिरण्या हा तेथील जुना धंदा. जेथें करवत चालते तेथें भुसा पडावयाचाच. ओरेगनच्या गिरण्यांत तो इतका पडे कीं, त्याचें करावें काय ही मालकांची नित्याची विवंचना होती. गिरणीच्या आवारांत तंबूच्या आकाराची एक उंच लोखंडी भट्टी असे; तिच्यांत हा भुसा जाळून टाकीत, आणि तिच्या शेंड्यांतून धूर व ठिणग्या बाहेर पडत. पुढें हवा शुद्ध राखण्याचे कायदे कडक झाले व १९७० नंतरच्या दशकांत या भट्ट्या एकामागून एक विझल्या. भुसा मात्र पडतच राहिला.

त्याच सुमारास, १९७३ च्या ऑक्टोबरांत, अरब राष्ट्रांनीं अमेरिकेस तेल देण्याचें थांबविलें. तेलाचे भाव कडाडले. थंडीच्या दिवसांत घरें ऊबदार ठेवण्यासाठीं तेल जाळणारें कुटुंब दुसऱ्या जळणाच्या शोधास लागलें, आणि मग त्या टाकाऊ भुशाकडे लोकांचें लक्ष गेलें. भुसा वाळवून, भोंकें पाडलेल्या पोलादी साच्यांतून मोठ्या दाबानें रेटला, तर घर्षणाच्या उष्णतेनें लाकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य मऊ होतें आणि थंड होतांना तेंच डिंकाप्रमाणें सर्व कण धरून ठेवतें. निराळा चिकट पदार्थ घालावा लागत नाहीं. अशा रीतीनें पेन्सिलीपेक्षां किंचित् बारीक, सुमारें ६ मिलिमीटर व्यासाच्या, गुळगुळीत कांड्या तयार होतात. त्यांस पेलेट म्हणतात. एक किलो कांड्यांतून सुमारें ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते, आणि चांगल्या लाकडाच्या असल्या तर मागें राख शेंकडा एकाहूनहि कमी राहते.

भुसा जाळणें ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस नवी नाहीं. मुंबई-पुण्याच्या जुन्या बिऱ्हाडांतून भुशाची शेगडी असे. पत्र्याच्या डब्यांत मधोमध दांडका उभा धरून त्याच्या भोवतीं भुसा ठासावयाचा, दांडका हलकेच काढून घ्यावयाचा आणि खालच्या भोंकांतून पेटवावयाचें; एकदां पेटली कीं ती तासचे तास धुमसत राही. पण तिची आंच कमीजास्त करणें हें गृहिणीच्या हातांत फारसें नसे. कांड्यांचा विशेष येथेंच आहे. त्या धान्यासारख्या ओघळतात. म्हणून यंत्राच्या हातून त्या मोजून विस्तवांत टाकतां येतात. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, पूर्वीं बोइंग विमान कारखान्यांत असलेल्या जेरी व्हिटफील्ड या अभियंत्यानें कांड्यांवर आपोआप चालणारी घरगुती शेगडी तयार केली. खोली उबविणारी ही शेगडी; तिच्यावरून स्वयंपाकाच्या चुलीपर्यंत फार अंतर नव्हतें.

अमेरिकन कुटुंबांत घरामागच्या अंगणांत मांस भाजण्याचा जो प्रघात आहे, त्यास फार मोठें सामाजिक महत्त्व आहे. दिवाळींत आपल्याकडे फराळाचें जें स्थान, तेंच तेथें सुटीच्या दिवशीं या भाजणीचें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत हेन्री फोर्ड यांच्या मोटार कारखान्यानें लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांपासून कोळशाच्या वड्या करून बाजारांत आणल्या. १९५२ सालीं शिकागोजवळच्या वेबर बंधूंच्या धातुकामाच्या कारखान्यांतील जॉर्ज स्टीफन यांनीं, समुद्रांत तरंगणारे बोये करण्यासाठीं जे पोकळ अर्धगोल बनत, त्यांतील दोन घेऊन झांकणाची गोल शेगडी बनविली. त्यानंतर गॅसची ग्रिल आली. गॅसची ग्रिल बटण फिरवितांच पेटे, पण तिला लाकडाचा वास नव्हता. कोळशाला वास होता, पण त्याच्यापाशीं बसून राहावें लागे. दक्षिणेकडील खऱ्या बार्बेक्यूची तर गोष्टच निराळी. टेक्ससमध्यें गोमांसाचा आणि कॅरोलिनांत डुकराच्या मांसाचा मोठा खंड सुमारें १०७ अंश सेल्सिअस इतक्या मंद आंचेवर बारा-बारा तास धुरांत ठेवतात. तेव्हां कोठें त्यांतील चिवट तंतू विरघळून तें मऊ होतें. त्यासाठीं जाणता माणूस रात्रभर विस्तवापाशीं जागत बसतो.

माउंट एंजल हें ओरेगनमधील एक लहानसें गांव. जर्मन वंशाच्या लोकांची वस्ती, बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आणि शरदृतूंतील बिअरची जत्रा यांसाठीं तें प्रसिद्ध आहे. तेथें ट्रेगर कुटुंबाचा घरें उबविण्याच्या उपकरणांचा धंदा होता. एका स्वातंत्र्यदिनीं जो ट्रेगर यांनीं गॅसच्या ग्रिलवर कोंबडी भाजावयास ठेविली आणि ते थोडा वेळ दुसरीकडे गेले. परत येऊन पाहतात तों चरबीनें पेट घेऊन सारी चूल ज्वाळांनीं वेढलेली, अशी हकीकत सांगतात. हकीकत खरी असो वा मागाहून रंगविलेली असो, १९८५ सालीं त्यांनीं कांड्यांवर चालणारी भाजण्याची चूल तयार केली, तिचें पेटंट घेतलें आणि १९८८ पासून ती विक्रीस काढली.

या चुलीची रचना साधी आहे. एका बाजूस कांड्यांची पेटी. पेटीच्या तळाशीं मळसूत्री दांडा. तो विजेच्या लहानशा मोटरनें फिरतो व कांड्या पुढें ढकलीत एका लोखंडी वाटीत नेऊन टाकतो. वाटींत विजेनें लाल होणारी एक कांब असते, ती पहिला विस्तव पेटविते; खालून पंखा वारा घालतो. वाटीच्या वर एक जाड पत्रा आणि त्याच्यावर चरबी वाहून नेणारा उतरता थाळा, म्हणून मांसास ज्वाळा लागत नाहीं. उष्णता व धूर मात्र सर्व बाजूंनीं फिरतात. रात्रभर जागणाऱ्या माणसाचें काम मोटरनें पत्करलें. आरंभींच्या यंत्रांवर मंद, मध्यम आणि प्रखर अशा तीनच खुणा होत्या. दांडा ठराविक वेळ फिरे व ठराविक वेळ थांबे. बाहेर बर्फ पडत आहे कीं ऊन तापलें आहे, हें त्यास कळत नसे. थंड वाऱ्याच्या दिवशीं आंच पडे व उन्हाळ्यांत चढे. तरीहि ज्या घरांत ही चूल गेली त्या घरांत ती आवडती झाली, कारण तिच्या अन्नास लाकडाचा वास होता आणि घरच्या माणसांस झोप मिळत होती.

वीस वर्षें हें क्षेत्र बहुतांशीं एकट्या ट्रेगरांचें होतें. २००६ सालीं दोन गोष्टी घडल्या : पेटंटाची मुदत संपली, आणि कुटुंबानें धंदा विकून टाकला. कंपनी पुढें यूटा संस्थानांत गेली व २०२१ सालीं तिचे भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत आले. धंद्याबरोबर नांवहि विकलें गेलें होतें, याचा प्रत्यय मागाहून आला. खुद्द जो ट्रेगर पुढें प्रतिस्पर्धी डॅन्सन्स कंपनीबरोबर गेले. तेव्हां त्यांच्या नांवाचा व छबीचा जाहिरातींत उपयोग झाला म्हणून २०१९ सालीं ट्रेगर कंपनीनें डॅन्सन्सवर फिर्याद लावली. ज्यानें चूल शोधिली त्याचेंच नांव त्याला मोकळेपणानें वापरतां येऊं नये, असा हा व्यापाराचा न्याय आहे.

पेटंट संपतांच बाजार मोकळा झाला आणि पंधरा वर्षांत इतके कारखाने पुढें आले कीं, ज्या कुटुंबाची जुनी, तीन खुणांची, रंग उडालेली चूल आतां बदलावयास झाली होती, त्यास दुकानांत उभें राहून गोंधळून जाण्याची पाळी आली. किंमत चारपांचशें डॉलरांपासून तीन हजारांच्याहि वर. प्रत्येक कारखान्यानें जुन्या चुलीचा एकेक दोष हेरला होता. यूटांतील कॅम्प शेफनें राख धरली : जुन्या चुलींत जाळी, थाळा, पत्रा सर्व उचलून वाटींतील राख उपसावी लागे, आणि कंटाळा केल्यास वारा कोंडून विस्तव विझे; कॅम्प शेफनें एक दांडी ओढतांच राख खालच्या पेल्यांत पडेल अशी योजना केली. डॅन्सन्सच्या पिट बॉसनें ज्वाळा धरली : थाळ्याचा एक भाग सरकवितां येतो व मांसाचा पातळ काप थेट आंचेवर टाकतां येतो. कॅन्ससमधील हचिन्सन गांवच्या योडर कारखान्यानें जाड पोलाद धरलें. त्यांची चूल हलवावयास दोन-तीन माणसें लागतात, पण हिवाळ्याच्या रात्रींहि तिची ऊब जात नाहीं. जॉर्जियांतील रेकटेकनें गंज न धरणारें पोलाद आणि अचूक नियंत्रण यांवर नांव मिळविलें. ट्रेगरनें २०१७ सालीं खिशांतल्या फोनवरून चालविण्याची सोय आणली. गोल शेगडीचा तो वेबर कारखानाहि २०२० सालीं या रिंगणांत उतरला व २०२४ सालीं त्यानें आपली दुसरी रचना पुढें केली.

यांपैकीं फोनची सोय ग्राहकांस सर्वांत अधिक भुलविते, आणि तिचें महत्त्व सर्वांत कमी आहे. ओलीं झालेलीं कांडकीं फुगून त्यांचा पुन्हां भुसा होतो व तो मळसूत्रांत घट्ट बसतो. वाटी राखेनें भरते. थाळ्यावर साचलेली चरबी एखादे दिवशीं पेट घेते. या तीन्ही गोष्टींचें निवारण फोनमध्यें नसून फडक्यांत व झाडणींत आहे. कांड्यांची पेटी केवढी हा प्रश्न मात्र साधा दिसला तरी विचारण्यासारखा आहे. मंद आंचेवर तासाला सुमारें अर्धा किलो कांड्या जळतात, तर प्रखर आंचेवर त्याच्या तिप्पटहि लागतात. म्हणजे ९ किलोंच्या पेटींत मंद आंचेची एक पुरी रात्र निघते, लहान पेटी पहांटे रिकामी होते.

खरा पेंच मात्र नियंत्रणाचा आहे, आणि तो बऱ्याच घरांना नवी चूल आणल्यावरच कळला. नव्या यंत्रांतील नियंत्रकास पी. आय. डी. म्हणतात. त्याचें मूळ स्वयंपाकघरांत नसून समुद्रावर आहे. रशियांत जन्मलेले व अमेरिकेंत स्थायिक झालेले निकोलस मिनॉर्स्की यांनीं १९२२ सालीं जहाजाचें सुकाणूं आपोआप चालविण्याचें गणित मांडलें. सुकाणूं धरणारा मुरलेला खलाशी जहाज आतां किती वळलें आहे एवढेंच पाहत नाहीं. तें किती वेळ एका बाजूस रेटलें जात आहे आणि किती वेगानें वळत आहे, हेंहि तो ध्यानांत घेतो, हें त्यांनीं हेरलें. तोच हिशेब आतां चुलींतील चिप दर क्षणीं करते. जुन्या चुलीची आंच फॅरनहाइटच्या वीस-पंचवीस अंशांनीं सहज खालींवर झोके घेई. नव्या चुलीची पांचदहा अंशांच्या आंत राहते. शास्त्रदृष्ट्या हा निःसंशय विजय होय.

पण जुनी चूल काढून ही नवी आणली, पहिलें मांस शिजविलें, आणि जेवतांना घरच्यांनीं विचारलें कीं धूर कोठें गेला? अशी तक्रार अनेक घरांतून ऐकूं आली, आणि ती चुकीची नव्हती. जुन्या यंत्रांत दांडा पंधराएक सेकंद फिरे व मग मिनिटभर थांबे. त्या खंडांत विस्तव मंदावे. पुढचा घांस पडला कीं नव्या कांड्या पेटण्यापूर्वीं कांहीं वेळ नुसत्या धुमसत. धुरास जो सुवास व चव असते ती लिग्निनच्या अर्धवट जळण्यांतून निघणाऱ्या ग्वायकॉल, सिरिंगॉल अशा द्रव्यांची. विस्तव जितका स्वच्छ, तितकीं हीं द्रव्यें जळून नाहींशीं होतात. नवा नियंत्रक चिमूट-चिमूट कांड्या टाकतो, पंखा तंतोतंत फिरवितो, आणि जवळजवळ निर्धूर आंच देतो. ज्याला यंत्रशास्त्रांत दोष म्हणतात तो झोका, तोच स्वयंपाकांतील गुण होता. हें ध्यानांत न घेतां अधिक किंमतीची म्हणजे अधिक चांगली असें समजणाऱ्या कुटुंबानें डॉलर मोजून आपल्याच जेवणांतील वास घालविला. ज्यांचें भाजणें मुख्यतः कोंबडी, भाज्या आणि पाव यांचें आहे, त्यांस स्थिर आंच हीच योग्य. रात्रभराच्या मांसासाठीं जो चूल बदलतो, त्यानें मात्र आंच किती स्थिर राहते हें विचारण्यापूर्वीं, ती मुद्दाम अस्थिर करतां येते काय, हें विचारावें हें बरें.

कारखानदारांना हें उमगावयास वेळ लागला नाहीं. ट्रेगरनें अधिक धुराचें एक निराळें बटण ठेविलें. तें चालतें फक्त मंद आंचेवर, कारण चढ्या आंचेवर धूर टिकतच नाहीं. कॅम्प शेफनें धुराचे एक ते दहा असे अंक दिले. अंक वाढवावा तसे आंचेचे झोके वाढतात. म्हणजे जें घालविण्यासाठीं चिप बसविली होती, तेंच तिच्याकडून हुकुमानें करून घेतात. २०२२ च्या सुमारास त्याच कारखान्यानें आणखी एक पाऊल टाकलें. चुलीच्या अंगांत, विस्तवाच्या वर, बाहेरून ओढतां येईल असा एक लहानसा खण बसविला. मांस चढविलें कीं घरचा माणूस तो खण ओढतो, त्यांत हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचा मुठीएवढा ढलपा हातानें ठेवतो, आणि तो जळून गेला कीं तासाभरानें उठून दुसरा ठेवतो.