न्यूकॅसलचा कोळसा, लातूरची तूर

मराठवाड्यात इंग्रजी दोन वाटांनी आली. एक वाट रुळांची, दुसरी शाळेची. रुळांवरून जे शब्द आले ते बायाबापड्यांनी बिनबोभाट आपलेसे केले. शाळेतून जे आले त्यांनी मात्र भल्याभल्यांना घाम फोडला. असे का व्हावे? रोज इंग्रजीचा तास घेणारा मी एक मास्तर. हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

हैदराबादहून निघालेला मीटरगेजचा लोहमार्ग नांदेडावरून मनमाडला जाऊन मिळाला तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. पुढे १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची चिमुकली गाडी लातुरात येऊन थांबली. गाडीबरोबर टेशन आले, तिकीट आले, शिंगल आला, गार्ड आला. यांतल्या एकाही शब्दाचा अर्थ कुणी कुणाला समजावून सांगितला नाही. शिंगल पडला की गाडी येते, एवढे गुराख्याच्या पोरालाही दिसत होते. वस्तूचे बोट धरून आलेल्या शब्दाला कोशाची गरज लागत नाही.

शाळेची गोष्ट निराळी. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यांना मोल्सवर्थसाहेबांचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश आणि कँडीसाहेबांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश यांचा आधार होता. तिकडे इंग्रजी आणि मराठी समोरासमोर बसून बोलत. आमच्या मुलखावर राज्य निजामाचे, आणि कारभाराची भाषा उर्दू. १९१७ साली हैदराबादेत भाषांतराचे सरकारी खाते निघाले, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे सगळे शास्त्र उर्दूतून शिकवीत, इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा असे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण नांदेडच्या मराठी मुलाच्या घरची भाषा ती नव्हती.

आमचे आजोबा याच मांडवाखालून गेले. इंग्रजी शब्द, त्याचा उर्दू अर्थ, आणि त्या उर्दूचा मराठी अर्थ, असा तिहेरी पाठ ते करीत. ‘कलेक्टर म्हणजे अव्वल तालुकदार’ इथवर ठीक होते. खरी पंचाईत होई ती वाक्प्रचारांशी.

काही वाक्प्रचार तिन्ही भाषांत सख्ख्या भावंडांसारखे भेटत. डोळ्यांत धूळ फेकणारे लोक इंग्रजीत आहेत, उर्दूत आहेत, आणि आपल्याकडे त्यांची वाण कधीच नव्हती! पाऊस मात्र उर्दूत आणि मराठीत मुसळाच्या धारेने पडतो, तर इंग्रजीत मांजरे नि कुत्री होऊन कोसळतो. त्याहून अवघड तो ‘कोल्स टू न्यूकॅसल’. न्यूकॅसल ही त्या काळी इंग्लंडातली कोळशाची मोठी पेठ. तेथे कोळसा नेणे म्हणजे जेथे मुबलक आहे तेथेच तो माल वाहून नेण्याचा खुळेपणा. उर्दूत याला जोड आहे ती बरेलीला उलटे बांबू नेण्याची. आता गोदाकाठच्या पोराने न्यूकॅसलही पाहिले नव्हते आणि बरेलीही. एका परक्या गावाचा अर्थ दुसऱ्या परक्या गावाने सांगायचा! त्याने करावे काय? घोकावे. त्याने घोकले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातली निजामाची सत्ता संपली. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ आले. मधली उर्दूची पायरी गेली, मराठी आपल्या घरी परतली. घोकंपट्टी मात्र गेली नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आली. तरी खेड्यातल्या हुशार पोराची पाठांतराची वही भरलेली आणि मुलाखतीत जीभ टाळ्याला चिकटलेली, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्या एका अडखळण्यापायी चांगली नोकरी हातची जाते, आणि पोराला वाटते, आपली बुद्धीच कमी.

बुद्धी कमी नसते. शब्द गाडीत बसून कुठेही जातो. वाक्प्रचार आपल्या मातीसकट उपटावा लागतो आणि दुसऱ्या मातीत लावावा लागतो. ती माती तयार करणे हे मास्तरांचे काम.

म्हणून मी वर्गात न्यूकॅसलची हकिकत सांगतो आणि विचारतो, “आपण काय म्हणाल रे?” एकदा मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “गुरुजी, लातूरला तूर नेणे.” वर्ग खळाळून हसला. लातूरच्या आडत बाजारात तुरीची केवढी आवक होते, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. शब्दकोशात नसलेला वाक्प्रचार तिने घडवला होता, आणि इंग्रजीतला कायमचा शिकली होती.

तास संपल्यावर ती भिंतीवरच्या नकाशापाशी गेली आणि इंग्लंडात न्यूकॅसल कुठे आहे ते शोधू लागली.